चौथं बटण

झुल्मिरा माझे केस रंगवताना कानाशी वाकते:
"एक गोष्ट पाठवते. चावट आहे. फुकट आहे."
फोन मांडीवर थरथरतो.
पहिल्याच ओळीत माझी बोट, माझा खलाशी,
माझ्या स्वयंपाकघरात बेतलेला त्याचा सदरा.

नाव तेवढं नाही. माझं खोटं नावसुद्धा नाही.

सेतुबालमध्ये कुणालाच ठाऊक नाही
सार्डिनच्या कारखान्यातून सुटल्यावर
हातांचा वास लिंबानं घालवून
ही एर्मेलिंदा रात्री काय करते.
चौथ्या बटणापाशी मी अकरा रात्री अडले होते.
तो घाई करायचा, ती करू द्यायची नाही,
आणि मी, बासष्टाव्या वर्षी, दोघांच्या मधोमध
कॉफी गार करत बसलेली.

इथे सदरा एका फटक्यात उतरलाय.
बटणं कुणीतरी गिळली.

"कशी वाटली?" आरशातून झुल्मिरा विचारते.
तिच्या गालांवर लाली आहे,
नवरा गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.
कसं सांगू हिला, बाई, चोरीचा माल खातेस?
भूक तर खरी आहे.
माझं विजेचं बिलही.

रंगाचे बावीस युरो मी मोजून देते.
मैत्रीखातर ती दोन परत करू लागते.
"नको," मी म्हणते, "हाताचं काम आहे."

मग दारातून मागे वळून, उगाचच:
"त्याच्या सदऱ्याला पाच बटणं होती."

ती हसते.
हसता हसता थांबते.