वजन कुठल्या पायावर

ट्यूशन एरियात झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
खाली पोरं रांगेत, हातातल्या नोट्स अजून गरम.
वर आम्ही सातजणी आणि एक अथर्व
नळाच्या पाइपाला धरून उभे.
पाइप शमा मॅडमनी गंजगोलाईतून आणला,
स्वतः उभं राहून भिंतीत बसवून घेतला.
टोकाला आटे आहेत अजून,
तिथं हात लावायचा नाही.

मी दिवसभर खालच्याच गल्लीत पाठ करून देते.
आवर्तसारणीचा दुसरा गट एका वाक्यात बसवलाय मी :
त्यात एक बेवडा आहे, एक मावशी, एक कासव,
आणि स्ट्रॉन्शियमच्या जागी माझे सासरे.
आजवर एक पोरगं विसरलेलं नाही.

आणि इथं मॅडम म्हणतात
ग्लिसाद, आसांब्ले, पा द बूरे, पा द शा,
एकदाच दाखवतात, तेही नुसत्या हातांनी,
कुणाला हाक मारता मारता केस बांधावेत तसं,
की मोबाइलवर पियानो सुरू.

पहिली दोन येतात.
तिसऱ्याला सगळ्या दाराकडे, मी भिंतीकडे.

वही केली. लाल पेनानं चौकटी आखल्या.
भांडी घासताना म्हणून बघितलं, स्कूटीवर, सिग्नलला.
वर्गात तोंड बिनचूक म्हणत होतं
आणि पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.
तोंडपाठ म्हणजे तोंडाला पाठ, एवढंच.
पायपाठ असा शब्दच नाही आपल्यात.
हे एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

पलक बिराजदार, वय नऊ, माझ्या पुढं उभी असते.
तिनं कानात सांगितलं, मॅम, मी नावं बदलते.
घसरगुंडी. टाळी.
मग जिन्यात बसलेल्या माणसाला वळसा.
मग मांजर.
(मांजर फ्रेंचमध्ये पण मांजरच असतं म्हणे.)
जिन्यात कोण बसतं गं, मी विचारलं.
कुणी नाही, म्हणाली,
आणि पाण्याची बाटली शोधायला गेली.

शमा मॅडमनी माझी वही बघितली. हसल्या नाहीत.
ताई, पुढचं आठवूच नका.
आत्ता वजन कुठल्या पायावर आहे, तेवढं बघा.
दुसरा मोकळा आहे ना?
मग जे व्हायचं ते त्याच्याच हातात.
पायाच्या हातात, मी मनात म्हटलं,
पण बोलले नाही.

गुरुवारी पहाटे नळ आले, आठव्या दिवशी.
लाइट नव्हती.
बोळीत निळा ड्रम, दोन टाक्या, सासऱ्यांच्या चपला.
भरलेली घागर डाव्या कमरेवर,
सगळं वजन डाव्या पायावर,
उजवा मागं, डावा बाजूला, उजवा पुढं,
ड्रम आणि भिंतीच्या मधून अंग चोरून.
थांबले.
मागं, बाजूला, पुढं.
एकोणीस वर्षं अंधारात हेच करतेय मी,
कुणी शिकवलं नाही, कधी विसरले नाही,
कारण पाठ केलंच नव्हतं.
परत गेले ड्रमापर्यंत. परत आले.
पाणी अंगावर, नळी तिकडं बोळीत वाहतेय.
काय चाललंय, आतून आवाज.
काही नाही, म्हटलं. मोजतेय.

शनिवारी चौघी-चौघींनी.
घसरगुंडी, टाळी, आणि तिसऱ्याला
ड्रम होता तिथं, बरोबर तिथं,
मी दाराकडे वळले, सगळ्यांसोबत.
मांजर म्हणण्यासारखं काही झालं नाही नंतर,
म्हशीनं बांध ओलांडावा तशी गेले,
पण ठेक्यावर गेले.
पलकनं आरशातून अंगठा दाखवला.

छान, मॅडम म्हणाल्या. आता डावीकडून.

मी खाली बघितलं.
उजव्या कमरेवर
आजवर एकही घागर घेतलेली नाही मी.
पियानो सुरू झाला होता.