खंड असल्यास

कॉलेजचा शिपाई कागद देऊन गेला, पाचशेची नोट त्यात घडी घालून.
म्हणाला, चौबाऱ्यापासून देगलूर रोडपर्यंत तीन चकरा.
सावकाश वाच. आकडे दोनदा.

रिक्षा बाप चालवतो.
गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून नुसता चालवतो,
माईक माझ्याकडे.
‘ऐका हो ऐका’ आम्ही म्हणत नाही,
ते आज्याचं, काखेत हलगी होती तेव्हाचं.
आम्ही म्हणतो, उदगीरकरांनो, नमस्कार.
आणि मग थांबतो,
एक घर मागं पडेल एवढंच.
हे बापानं शिकवलेलं.

तर नमस्कार.
जनसंवाद आणि वृत्तपत्रविद्या, पदवीचे प्रवेश सुरू.
बारावी पास, शाखा कुठलीही.
किमान पंचेचाळीस टक्के, पंचेचाळीस,
राखीवला चाळीस, चाळीस.
(मला एकोणपन्नास. हे माईकवर बोलले नाही.)
गुणपत्रकं, टीसी मूळ प्रत, जातीचा दाखला,
रंगीत फोटो चार.
मंडईपाशी म्हैस आडवी बसलेली,
म्हणून फोटो चार, फोटो चार, फोटो चार,
तिच्या मालकालाही पाठ झालं.
लेखी पन्नास गुणांची, तोंडी पंचवीस.
उमेदवारास स्पष्ट बोलता यावे.
बापानं आरशातून बघितलं.

शेवटची ओळ:
शिक्षणात खंड असल्यास, खंडाचे शपथपत्र.

इथं मी थांबले.
दोन घरं गेली, पिठाची गिरणी गेली,
भोंगा नुसता घरघरत होता.
टायरवाले गफूरभाई पान्यासकट बाहेर आले,
क्या हुआ गे, बॅटरी गई क्या?

दुसऱ्या दिवशी तहसीलसमोर, लिंबाखाली,
बिराजदार टायपिस्ट म्हणाले,
कारण काय घालू? आजार, लग्न, का घरची परिस्थिती?
तिन्हीतलंच एक असतंय.
मी म्हणाले, लिहा,
दोन वर्षं मी बोलूलाले.
गुरुवारी नळाला पाणी नाही, हे मी सांगितलं.
निळ्या चड्डीतलं पोरगं हरवलेलं, नाव विचारलं की तेलगूत रडायचं,
त्याची मावशी मी भोंग्यावर शोधली.
साड्यांचा सेल, पोलिओचा डोस.
कलावतीबाई बिडवे यांचं निधन, अंत्यविधी चार वाजता,
त्यांच्या दारावरून जाताना आवाज बंद केला,
आतल्यांना ठाऊकच होतं.

एवढं मावत नाही पोरी, म्हणाले,
आणि ‘घरची परिस्थिती’ टाईप केलं.
सही केली, दैवशाला नागनाथ सोनकांबळे.
दहावीवर ‘देवशाला’ छापलंय,
त्याचं शपथपत्र वेगळं. पैसे पण वेगळे.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं,
संवादाचे घटक किती?
मला नव्हतं माहीत.
विचारलं, ऐकणारा धरून का?
ते हसले का काय, कळलं नाही,
पंखा फार आवाज करायचा.

यादी लागली. जागा एकच उरलेली,
प्रतीक्षेत मी चौथी.

मंगळवारी शिपाई परत कागद घेऊन आला:
प्रतीक्षा यादीतल्यांनी शनिवारी मूळ कागदांसह हजर राहावे,
न आल्यास पुढच्याला संधी.
माझ्याकडं बघितलं त्यानं,
आज एकच चकर मारली तरी चालतंय, म्हणाला.

बापानं काही न बोलता किक मारली.
माझ्या वरच्या तिघांचे पत्ते त्यानंही वाचले होते नोटीसबोर्डावर,
बोट ठेवून, सावकाश.
एक बिदर रोडचा, एक किल्ल्याच्या खालचा,
एक पोरगी आमच्याच मागच्या गल्लीतली.

नमस्कार.
शनिवारी अकरा वाजता, अकरा.
तीनही गल्ल्यांच्या तोंडाशी
बापानं गाडी हळू केली.