चीक

सुकीच्या पुलावरून केळीचे ट्रक निघतात
रात्री दोनला, उत्तरेकडे,
आणि माझ्या वहीत नोंद असते:
हर्षाली कोळी, सातवा महिना, रक्त सात पॉइंट आठ.

तिचं काम फण्या धुवायचं.
तुरटीच्या पाण्यात बुडवायच्या, चीर गेलेली बाजूला.
दिवसाला तीनशे फण्या तिच्या हातून जातात,
एक केळं पोटात जात नाही.
"केयी थंडी असते, माय," ध्रुपदाबाई सांगते,
"पोटातल्याले सर्दी हुईन."
आणि ताटावर पुन्हा: "अर्धीच भाकर घे.
पोर मोठ्ठं झालं तं निघीन कुठून?"

मी लोहाच्या गोळ्या मोजते.
तीस दिल्या होत्या, सत्तावीस आहेत.
शी काळी झाली म्हणून घाबरले,
हे हर्षाली मला गोठ्यामागे नेऊन सांगते.

माझ्याजवळ तक्ता आहे. तक्त्यातली बाई हसरी,
तिच्या ताटात पाच रंग.
हिच्या ताटात कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा.
कळण्यात उडीद असतो, मी मोठ्याने म्हणते,
आतल्या खोलीत ऐकू जाईल असं,
ज्वारीत उडीद कुण्या डॉक्टरने घातला नाही,
तुमच्याच कुणा आजेसासूने घातला, बाई.
तेव्हा ध्रुपदाबाई पहिल्यांदा
माझ्याकडे तोंड करून बसते.

त्याच आठवड्यात त्यांची म्हैस व्याली.
चिकाचं पातेलं चुलीवर चढलं, गूळ, वेलदोडा,
वाट्या घरोघर गेल्या, माझ्याकडेही आली, झाकलेली.
"आधी पारडाले पाज रे," ती नातवावर ओरडत होती,
"चीक नही भेटला तं पाय धरनार नही ते!"
मी वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर
उतरवून घेतलं, तारखेसकट.

मुलगी झाली. दोन किलो दीडशे.
दवाखान्याच्या खाटेपाशी
ध्रुपदाबाईच्या कनवटीला मधाची बाटली,
हर्षालीच्या हातात कापूस:
तीन दिवस पिवळं दूध पिळून टाकायचं, ठरलेलं.

माझ्या थोरल्याच्या वेळचा चीक
मीच वाटीत पिळला होता, तुळशीच्या मुळाशी ओतला.
त्याच्यावर मुंग्या जमल्या होत्या, ते आठवतं.
तो आता आठवीत आहे. दंड बारीक, सारखा खोकतो.
त्या वाटीमुळेच, असं मी म्हणत नाही.
म्हणता येत नाही. पण वाटी दिसते.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं,
तिचंच वाक्य तिला वाचून दाखवलं,
पारडाचं, पायांचं, तारखेसकट.

"म्हशीचं येगळं असतं," ती म्हणाली.
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
मग उठली, दाराच्या फटीत उभी राहून
पदर दोन्ही हातांनी ताणून धरला आडोशाला,
आणि पाठमोरीच बोलली:
"पाज. कोनी येत नही मी हाये तंवर."

हर्षालीला जमत नव्हतं. पोरीचं तोंड घसरायचं.
चौथ्यांदा धरलं.
ओठांच्या कडेला हळदीसारखा थेंब.

पाचवीच्या रात्री मला बोलावणं होतं.
पाटावर सटवाईसाठी कोरा कागद, बोरू, दिवा,
लिंबाचा पाला, बाजूला ओव्याची धुरी.
ध्रुपदाबाईने कागदाशेजारी
मी दिलेलं वजनाचं कार्ड मांडलं.
"तिलेबी यातच लिहू दे," म्हणाली, "दोनदोन कागद कशाले?"

सकाळी काटा टांगला, झोळीत पोर.
दोन किलो ऐंशी. थोडं उतरतंच पहिल्या दिवसांत,
हे मी सांगितलं, तरी तिघी गप्प.

कार्ड घेतलं तर पहिल्याच रकान्यावर
कुंकवाचं बोट उमटलेलं.
पुसलं नाही.
त्याच्यावरच पेन टेकवलं.
शाई धरेना. दोनदा गिरवलं.