हालू नोको

मंगळवारी तेल नाही. आईला हे पटत नाही.
न्हाव्याच्या घरचा माणूस
कोरड्या डोक्यानं गावाबाहेर गेला तर लोक काय म्हणतील.
पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय:
सुई घसरते.

म्हणून केस कोरडे,
सात पंचविसची राळेगाव गाडी,
उजवा हात माझ्या ओढणीत बांधलेला,
गिऱ्हाइकाचं दुकानात राहिलेलं सामान
सांभाळून न्यावं तसा.

पहिल्या दिवशी कंपाउंडर म्हणाला, नाव?
म्हटलं, लक्षणे.
लक्षणं आत सांगा ताई, इथं नाव.
बाबा हसले. तोंडाची एक बाजू हसली.

चाळीस वर्षं बोरखेडीची डोकी या हाताखालून गेली.
कोणाला दोन भोवरे, कोणाच्या टाळूत विळ्याची खूण,
सरपंचाच्या मानेमागचा मस,
जो सरपंचालाही माहीत नव्हता.
झटका आला तेव्हा खुर्चीत उकंडराव होते,
अर्धी दाढी झालेली.
बाबांनी आधी वस्तरा मिटला,
मग पडले.
उकंडराव अजून सांगतात, दर वेळी गालाला हात लावून.

बोलणं सगळं गेलं.
माझं नाव, आईचं, चहा, पाणी, हो, नाही.
उरलं एवढंच: हालू नोको.
भूक लागली, हालू नोको.
आईनं पांघरूण घातलं, हालू नोको.
मामा भेटायला येऊन रडले, तर त्यांनाही.

ताकसांडेबाई कंगव्यानं भांग पाडतात.
बाबा भिंतीकडे बघतात;
बसणाऱ्याच्या जागी बसायची सवय नाही.
उजव्या हातासाठी डावीकडे, बाई म्हणतात,
आत तारा उलट्या जातात.
सुई उभी नाही जात, आडवी सरकते,
वाकळीत दोरा जातो तशी.
पाच. सहा.
सातवीला बाबांचा डावा पाय चप्पल शोधतो.

आता हात हलवा, काका.
हालू नोको.
हलवा.
हालू नोको.
बरं, मनातल्या मनात हलवा.

होईल ना, मी विचारते.
पक्कं सांगत नाही. कोणाला फरक पडतो, कोणाला नाही.
व्यायाम सोडू नका.

डोक्यात सुया घेऊन बाबा व्हरांड्यात फिरतात,
हातपंपापर्यंत अठरा पावलं, परत अठरा, कधी वीस.
निंबाखालची म्हातारी म्हणते,
साळिंदर केलं वो बाई माणसाचं!

सहाव्या मंगळवारी चिंचोलीचं पोट्टं आलं होतं,
जन्मल्यावर उशिरा रडलेलं,
पाय कात्रीसारखे एकात एक.
सुई दिसली की मान अशी झटकायचं
की बाई दोनदा मागं सरल्या.
आजी बिस्कीट दाखवते. बाप डोळे वटारतो.

बाबा उठले, सातही सुयांसकट.
डावा हात त्याच्या टाळूवर ठेवला,
अंगठ्यानं भोवरा शोधला,
एका बोटानं हनुवटी खाली केली,
आणि म्हणाले,
हालू नोको.

तेच दोन शब्द. पण आवाज दुकानातला,
शनिवारच्या गर्दीतला,
पावडरीचा वास असलेला.
पोट्टं थांबलं.
पंख्याखाली कॅलेंडर हलत होतं, तेवढंच.
बाईंनी पाच सुया लावल्या
आणि कोणी काही बोललं नाही.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी झोपले.
बाहेर धुऱ्यांवर तूर पिवळी.
ओढणीतला अंगठा तर्जनीकडे सरकला,
कात्रीच्या कानात शिरतो तसा.
किंवा गाडी खड्ड्यातून गेली. तेही खरं,
गाडी खड्ड्यातूनच गेली.
माझा हात त्यांच्या हाताखाली होता.
बोरखेडीच्या फाट्यापर्यंत
मी हलले नाही.

घरी आई दारातच,
तेलाची वाटी घेऊन.