पाच स्वर

फैजपूरच्या वर्गात नेहेते सर म्हणाले,
इंग्रजीचे पाचही स्वर ज्यात मावतील
असे लांब शब्द आणा. अर्थासकट.

मी नेला कॉलीफ्लॉवर. सगळे हसले.
देवका फेगडेने आणलं इव्हॅक्युएशन.
अर्थ: तापीला पूर, रात्री जीपवरचा भोंगा,
शेळी सोडायची राहिली.

ऑक्शनिअर मला फार उशिरा सापडला.
अर्थ: सावद्याच्या यार्डात पहाटे
भरताच्या वांग्यांच्या ढिगाशी
हर्रास पुकारणारा माझा बाप,
"बावीस एकदा, बावीस दोनदा..."

औंदा त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं.
व्यंजनं गेली.
आ, ए, ई, ओ, ऊ
एवढे शाबूत.
माय त्यातूनच ओळखून पाणी देते.
चुकलं, तर उशी बदलते.