चौदाशे तेरा

आखातात असतो म्हटलं की साक्रीकडे लोक तेल समजतात.
मी पाण्यावर आहे. गोड्या पाण्यावर.
निझवाच्या मागे, डोंगराच्या खांद्याला चिकटलेल्या गावात
दर मंगळवारी पहाटे जातो.
मागे बर्फाची पेटी, तीत चोवीस रिकाम्या बाटल्या,
पुढच्या सीटवर मीटर, पट्टा लावून बसवलेला.
हसू नका. माझे सहा पगार आहेत ते.

फलज म्हणजे आपला पाटच,
फक्त डोंगराच्या पोटातून हातांनी उकरून आणलेला.
आधी प्यायला, मग वुजूला, मग खजुराला,
उरेल ते लसूणघासाला.
पांझरेच्या फडावर माझा मामा पाटकरी होता.
रात्री दारं धरताना कंदील विझवायचा
आणि नुसत्या आवाजावरून सांगायचा
पाटात किती बोटं पाणी आहे ते.

इथे खल्फान बिन हमद.
वय विचारलं तर पुराचं नाव सांगतो.
कुणाची पाळी कुठल्या सावलीला सुरू होते, सगळं तोंडपाठ.
मी इलेक्ट्रोड बुडवायच्या आधी
तो ओंजळभर पितो, जीभ टाळूला लावतो, थांबतो.
जूनमध्ये म्हणाला, मालेह.
खारट झालंय.
मी आकडा दाखवला. सातशे बारा, चाचा. गेल्या वर्षीइतकंच.
लिंबाची पानं कडेने करपतायत, म्हणाला.
पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही.
तेव्हा मी माझ्या मोडक्या अरबीत म्हणालो,
जीभही म्हातारी होते.

त्याने नेहमीसारखी कॉफी ओतली.
खजूर पुढे केले.
बोलला मात्र नाही.

गुरुवारी रात्री प्रयोगशाळेत मी आणि लिन्सी कुरियन.
एसीची घरघर, वाळत घातलेले फिल्टर पेपर,
सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली माझी बोटं.
क्लोराइड मोजत होतो, थेंब थेंब,
पिवळ्याचं विटकरी व्हायची वाट बघत.
होईना.
जिथे थांबायला हवं त्याच्या कितीतरी पुढे गेला थेंब.
पुन्हा केलं. पुन्हा.
लिन्सीने कपाटातून मानक द्रावणाची नवी बाटली आणली,
सील फोडलं, मीटर बुडवला.
लेबलवर चौदाशे तेरा.
मीटरवर अकराशे नव्वद.

जुनी बाटली पिकअपच्या डॅशबोर्डखाली सापडली,
झाकणाला केसाएवढी चीर.
सत्तेचाळीस अंशांत तीन आठवडे
पाणी उडत गेलं, मीठ राहिलं,
आणि लेबल आपलं म्हणतच होतं चौदाशे तेरा.
मी रोज सकाळी इमानदारीने
मीटरला खोटं शिकवून डोंगर चढत होतो.

आमच्या वहीत खोडरबर चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी खरा आकडा, तारीख, आद्याक्षरं.
सातशे बारा. आठशे पंचेचाळीस. हे. अ.
तीन मंगळवार, बारा ठिकाणं, छत्तीस रेघा.
सदतिसावीला वहीत जागा नव्हती.

मंगळवारी गेलो तेव्हा मीटर पेटीतच ठेवला.
वाकलो, ओंजळ भरली, प्यालो.
थंड. दगडाची चव. मग काहीच नाही.
मग घशाच्या अगदी तोंडाशी
एक जुना शब्द आला, मामाच्या तोंडचा,
जो खारटाच्या अलीकडे आणि गोडाच्या पलीकडे राहतो.
खल्फान बघत होता.
मी म्हणालो, तुमचं बरोबर होतं.
तो म्हणाला, माहीत आहे. आकडा किती?
आठशे पंचेचाळीस, सांगितलं.
त्याने तो आकडा दोनदा पुटपुटला,
पाळ्यांच्या हिशोबात कुठेतरी लावून ठेवला,
आणि कॉफीचा दुसरा पेला भरला.

वहीत शेऱ्याचा एक रकाना असतो, कायम रिकामा.
त्या दिवशी मी त्यात देवनागरीत लिहिलं:
मचूळ.
सही करताना डॉक्टर रय्या थबकल्या.
चष्मा वर करून म्हणाल्या,
हे कुठलं एकक?