एकेचाळीस नंबरची चौकट

त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की
जुनी माणसं सांगतात,
पूर्वी रस्त्याच्या कडेनं दोर बांधायचे.
धरून चालायला.

नेव्हियाच्या कार्डावर 'आर्किटेक्ट' छापलंय
आणि तिची आई अजून विचारते,
कुठली घरं तुझी? एकदा दाखव तरी.

घरं नाहीत.
विमा कंपनीच्या चौथ्या मजल्यावर
भिंतभर एक कागद आहे,
त्यावर तीनशे बारा चौकटी, चौकटींना सांधणाऱ्या रेघा.
दाव्यांची प्रणाली, हप्त्यांची, एजंटांच्या कमिशनची,
व्हिएन्नाची कंपनी विकत घेतली तेव्हा
हुंड्यात आलेली, जर्मनच बोलणारी एक,
आणि हिशेबखात्यातल्या कुणीतरी सुटीच्या दिवशी
एक्सेलमध्ये रचलेली,
जिच्यावर आता अख्खा ताळेबंद तोललाय.
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
तरी सकाळी साडेआठला सगळं चालू होतं.
तिला याचंच नवल वाटतं,
बंद पडतं त्याचं नाही.

ती कोडची एक ओळ लिहीत नाही.
प्रोग्रामर म्हणतात, ढगातली बाई.
संचालक म्हणतात, तळघरातली.
ती दोन्हीकडे जाते, जिन्यानं.
वर गेली की खालचं सांगते: तीन महिन्यांत हे होणार नाही.
खाली आली की वरचं: पण त्यांना का हवंय ते तर ऐका.
दोन्ही मजल्यांवर तिची कॉफी गार होते.

यंदा फर्मान निघालं, जुनं काढा, क्लाउडवर चला.
मिलानहून सल्लागार आले,
एका दुपारीत लाल पेनानं
चौऱ्याऐंशी चौकटी खोडून मोकळे झाले.
पेन एकेचाळीसवर टेकलं
तेव्हा नेव्हिया म्हणाली, थांबा.
हिच्यातून काय जातं? कुणाकडे?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
'मग बंद करू. कोण ओरडतंय बघू.'
ही रीत स्वस्त पडते.
'आणि कुठं ओरडायचं हेच ज्याला माहीत नाही, तो?'

शनिवारी ती बसनं वर पठारावर गेली, ओपिचिनाला.
एजिदियो, वय एक्क्याऐंशी, द्राक्षवेली छाटत होता,
टोपी रुमालानं हनुवटीखाली बांधलेली.
एकेचाळीस? तो हसला.
त्या मोनफाल्कोनेच्या बायका.
गोदीत नवरे गेले त्यांचे.
दर तिमाहीला मनीऑर्डर, पोस्टानं,
तेव्हा निम्म्याजणींचं बँकेत खातंच नव्हतं.
मीच बांधली, एकोणऐंशी साली.
टिपण लिहायचं तेवढं राहिलं.
कात्री खिशात टाकत त्यानं विचारलं,
किती उरल्यात?

सतरा.

सोमवारी तिनं एक बारीक रेघ ओढली,
एकेचाळीसपासून कागदाच्या काठापर्यंत,
आणि काठाबाहेर, सरळ भिंतीच्या चुन्यावर लिहिलं:
सतरा जणी.
सल्लागार म्हणाले, हे नकाशात बसत नाही.
ती म्हणाली, भिंतही कंपनीचीच आहे.

वार्षिक अहवालात याला एक वाक्य मिळालं,
'स्थलांतरास पाच महिने विलंब',
पुढे तिचं नाव.
नव्या प्रणालीतून पहिली मनीऑर्डर
एक दिवस उशिरा पोचली.
ओन्दिना नावाच्या बाईंचं पोस्टकार्ड आलं, थरथरत्या अक्षरात:
इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
नेव्हियानं ते टाचणीनं भिंतीवर लावलं,
तिच्या लेखी ती पोचपावती.

आज पुन्हा बोरा.
कचऱ्याचे डबे रस्त्यातून लोळत समुद्राकडे निघालेत.
दोर केव्हाच गेले,
वळणावरच्या भिंतीत एक लोखंडी कडी उरलीय,
गंजून काळी.
नेव्हिया तिच्यात दोन बोटं अडकवून उभी राहते
झोत ओसरेपर्यंत.
दुपारी पोस्टानं एक मनीऑर्डर परत आलीय.
उद्या गेल्या गेल्या
सतरा खोडून सोळा करायचंय.